हिरडीतून रक्त येतंय? मशेरी नको, ब्रश धरा

सकाळी तोंड धुताना थुंकी लाल दिसली तर तुम्ही काय करता? आपल्या अक्कलकोट भागात बऱ्याच घरांत चिमूटभर मशेरी घेऊन हिरडीवर चोळतात. "ठणका थांबतो गं," असं थोरल्या बायका सांगतात. आज त्याबद्दलच बोलू.

मशेरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली, कुटली, तरी तिच्यातलं निकोटीन राहतंच. त्यानं घटकाभर बरं वाटतं, पण हिरडीचा आजार आत वाढतच जातो. वर सवय लागते, ती वेगळीच. आधी सकाळी, मग जेवणानंतर, मग शेतात निघताना. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो. गरोदर बाईनं मशेरी लावली तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. पेस्टमध्ये आणि मंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी केली. कंपनीला जे घालता येत नाही, ते आपण घरी तव्यावर करतो!

मग रक्त येतं कशानं? दात आणि हिरडी जिथं मिळतात, तिथं जंतूंचा चिकट थर साचतो. तो रोज निघाला नाही की हिरडी सुजते, लाल होते. तोच थर पुढं कडक होऊन किटण बनतं. हिरडी दात सोडायला लागते आणि दात हलतो. हे सगळं बहुतेक वेळा न दुखता होतं. म्हणून रक्त दिसलं की ब्रश बंद करायचा नाही, उलट हलक्या हातानं नीट करायचा.

कसा करायचा? ब्रश मऊ घ्या. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. तीन वर्षांखालच्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढीच. ब्रश हिरडीच्या कडेला जरा तिरका धरा, लहान लहान गोल फिरवा, दोन मिनिटं. सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा. रात्रीचा चुकवू नका. राख, कोळसा, विटेची भुकटी यांनी दात झिजतात. हिरडी सुजली असेल तर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून चूळ भरा. त्यानं आराम पडतो, पण किटण निघत नाही. ते दातांच्या डॉक्टरकडूनच काढून घ्यावं लागतं. घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर हिरड्यांकडं जास्तच लक्ष द्या.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम झाली, तोंड पूर्ण उघडेना, तर वाट बघू नका. लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा.

मशेरी एकदम सुटत नाही, हे खरं. सुरुवातीला डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. पहिले काही दिवस जड जातात, मग हळूहळू कमी होतं. तलफ आली की बडीशेप चघळा, पाणी प्या, दहा मिनिटं हाताला काम लावा. १८००-११-२३५६ या सरकारी नंबरावर फुकट सल्ला मिळतो.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीनं दुसरीला रोज विचारायचं, "आज लावलीस का गं?" कडक भाकरी आणि शेंगाची चटणी म्हातारपणीही स्वतःच्या दातांनी खायची आहे ना आपल्याला? मग आज रात्रीपासूनच सुरू करा.