फसलेला गोंद आणि पेढीवरील मौन

हिशेबाच्या वहीत खुणेसाठी लावलेली पिवळी चिकटचिठ्ठी आता अनेक पेढ्यांवर दिसते. तिचा जन्म मात्र एका फसलेल्या प्रयोगातून झाला. अमेरिकेतील थ्रीएम कंपनीचे शास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर १९६८ मध्ये भक्कम गोंदाच्या शोधात होते; हाती आला तो सहज सुटणारा, दुबळा गोंद. तो टाकून न देता ते सहकाऱ्यांना वर्षानुवर्षे त्याविषयी सांगत राहिले. आर्ट फ्राय हे त्यांपैकीच एक. गीतपुस्तकातील खुणेचे कागद वारंवार गळून पडत, तेव्हा १९७४ मध्ये त्यांना तो गोंद आठवला. १९८० मध्ये चिठ्ठी अमेरिकेच्या बाजारात आली.

एकाजवळ उत्तर होते, दुसऱ्याजवळ प्रश्न. त्यांची गाठ पडली, कारण कामाचा सुमारे १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांना देण्याची तेथे मुभा होती आणि अपयशाविषयी बोलण्याचा संकोच नव्हता.

कोणते गिऱ्हाईक काय मागून रिकाम्या हाती परतले, हे मालकापेक्षा गल्ल्यासमोर उभ्या असलेल्या नोकराला अधिक ठाऊक असते. परंतु “तुला काय कळते?” असे एकदा ऐकले, की ती माहिती त्याच्या मनातच राहते. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

आठवड्यातून एकदा, दुकान वाढवल्यावर, मुनीमजींपासून हमालापर्यंत सर्वांना अर्धा तास बोलू द्यावे. सूचना स्वीकारली तर सुचवणाऱ्याचे नाव सर्वांसमोर घ्यावे. नाकारली तर कारण सांगावे. पेढीवर नव्याने बसू लागलेल्या मुलासुनेलाही हाच न्याय लावावा.