समासातला एक शब्द : 'पुरावा?'

आंबेगाव तालुक्यातील आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याची मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महाविद्यालयीन प्रकल्पासाठी तिने विषय घेतला जुन्नरची लेण्याद्री. पंधरा पाने लिहिली. पहिलेच वाक्य, 'लेण्याद्री बौद्धांचीच!' आणि पुढे तीन उद्गारचिन्हे. मार्गदर्शक प्राध्यापकांनी समासात एकच शब्द लिहून वही परत केली, 'पुरावा?' घरातली मंडळी खवळली. प्राध्यापक जातीयवादी, असा निकालही लागला.

मी ती पाने वाचली. प्राध्यापकांच्या मनात काय होते ते त्यांना ठाऊक, पण प्रश्न बिनचूक होता. पोरीचे म्हणणे खरे, मात्र तिने ते सिद्ध केले नव्हते. अर्धा मजकूर इंटरनेटवरून उतरवलेला, उरलेला जयंतीच्या भाषणातला. जयंतीला समोर बसलेला माणूस आधीच आपला असतो. निबंध वाचणारा आपला नसतो, त्याला आपल्याकडे आणायचे असते. हे आपल्या किती मुलांना कोणी शिकवले?

रविवारी तिला घेऊन डोंगर चढलो. सातव्या लेण्यात आज गिरिजात्मजाची पूजा चालते. तिला म्हटले, मूर्तीवरून वाद घालू नकोस, भिंती बघ. खांब नसलेले प्रशस्त दालन आणि तीन बाजूंना मिळून वीस खोल्या. देवळाला एवढ्या खोल्या कशाला? हा भिक्खूंचा विहार आहे. शेजारच्या सहाव्या लेण्यात स्तूप उभा आहे. ते चैत्यगृह सुलसदत्त नावाच्या गृहस्थाने दान दिल्याचा ब्राह्मी लेख तिथेच कोरलेला आहे. जुन्नरच्या इतर लेण्यांत तर धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. चित नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. नहपानाचा अमात्य अयम याचे दान मानमोडीला आहे. बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी हे लेख 1881 सालीच छापले. घोषणा द्यायची गरजच काय? दगड बोलतो आहे!

पण पुढे तिने विचारले, "मग गणपतीचे काय लिहू? ते गाळू का?"

गाळायचे नाही. बाबासाहेबांनी कधी गाळले? 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठातील गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी जातीवरचा निबंध वाचला. त्यात आधी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले केतकर यांच्या व्याख्या मांडल्या, प्रत्येकीत काय कमी पडते ते दाखवले, आणि मग जातीबाहेर लग्नाला बंदी हे जातीचे मर्म असल्याचे स्वतःचे मत सांगितले. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. पुढे 1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषदच रद्द केली, तेव्हा न झालेले भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. बाबासाहेबांनी 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत ती टीका पुस्तकाच्या शेवटी छापली आणि तिच्यापाठोपाठ आपले उत्तर दिले. विरोधकाला आपल्याच पुस्तकात जागा देणारा माणूस आपल्या म्हणण्याबद्दल किती निश्चिंत असला पाहिजे! आपण मात्र बाबासाहेबांची वाक्ये पाठ करतो आणि त्यांची तळटीप वाचत नाही.

तिची मैत्रीण डिंभे धरणावर लिहिते आहे. मूळ आंबेगाव त्या पाण्याखाली गेले. विस्थापित आदिवासी कुटुंबांच्या म्हाताऱ्यांकडून ती हकिकती लिहून घेते आहे. तिला एवढेच सांगितले, की म्हाताऱ्यांचे ऐकून झाले की तलाठ्याचे दप्तरही बघ. दोन्ही जुळले नाहीत तर तेच लिही.

लेण्याद्रीचा दुसरा खर्डा परवा आला. गणपतीला त्यात एक आख्खे पान आहे, लेणे आधीचे आणि पूजा नंतरची हे क्रमाने मांडलेले. उद्गारचिन्हे गेली आहेत. मानमोडीचा लेख मात्र तिने अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही, पुस्तकावरून लिहिला आहे. पाऊस उघडला की जाऊ, असे ठरले आहे.