स्वस्त एअर रायफल : रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंग येथे दहा मीटर एअर रायफल प्रकारात भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले, आणि २०२२ साली ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनी कैरो येथे त्याच प्रकारात जगज्जेतेपद संपादन केले. अशा यशाच्या वार्ता आल्या की बेताच्या प्राप्तीच्या घरांतूनही पृच्छा होऊ लागते : मुलाला अथवा मुलीला नेमबाजीची ओढ लागली आहे, परंतु पदरी दहा-वीस हजारांहून अधिक रक्कम नाही, तर कोणती एअर रायफल घ्यावी? ज्याच्यापाशी द्रव्याची विपुलता आहे त्याची निवड चुकली तर तो दुसरी रायफल घेतो. ज्याला एकदाच खरेदी करावयाची आहे त्याला मात्र ऐकीव समजुतींवर विसंबणे परवडत नाही, आणि या विषयात अशा समजुतींचा सुकाळ आहे.

त्यांतील सर्वांत रूढ आणि सर्वांत हानिकारक समजूत ही की, जी रायफल छर्रा अधिक वेगाने फेकते ती अधिक चांगली. पेटीवर ठळक अक्षरांत छापलेला वेगाचा आकडा पाहून ग्राहक निर्णय करतो. तो आकडा पुष्कळदा नेहमीच्या शिशाच्या नव्हे, तर हलक्या मिश्रधातूच्या छऱ्यावर काढलेला असतो, हे त्याला कोणी सांगत नाही. वस्तुस्थिती अशी की, ऑलिम्पिकमध्ये वापरल्या जाणाऱ्या, लाखांच्या घरात किंमत असलेल्या रायफलीतून छर्रा निघतो तो सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने, आणि अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याला या वेगाने पुरती आठ जूल ऊर्जाही लाभत नाही. आपल्या बाजारातली जोरकस स्प्रिंगची रायफल त्याच छऱ्याला २५० मीटरांचा वेग, म्हणजे दुपटीहून अधिक ऊर्जा देऊ शकते. तरीही जगातील श्रेष्ठ नेमबाज मंद रायफल पत्करतात, याचे कारण त्यांच्यापुढील लक्ष्यात आहे : दहा मीटरांवरच्या त्या कागदावर दहा गुणांच्या बिंदूचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर असतो, आणि कागदाला भोक पाडण्यास जोर लागत नाही.

जोर येथे निरुपयोगी असतो इतकेच नव्हे, तर नवशिक्याला तो बाधकही होतो. स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढताच दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटते, ती दट्ट्याला पुढे लोटते, दट्ट्या हवेला दाबतो आणि त्या दाबाने छर्रा नळीत मार्गस्थ होतो. परंतु तो नळीबाहेर पडण्यापूर्वीच रायफल हलू लागलेली असते, प्रथम मागे आणि दट्ट्या अडताच पुढे. स्प्रिंग जितकी ताठर तितके हे हिसके मोठे, नळी मोडून रायफल भरण्याचे श्रम अधिक, आणि धरण्यातील सूक्ष्म फरकाचा परिणामही अधिक. म्हणूनच अशी रायफल आवळून न धरता, पुढच्या तळहातावर केवळ टेकवून, दर वेळी नेमकी त्याच रीतीने धरावी लागते. मर्यादित रकमेत मध्यम जोराची, हाताला पेलणारी रायफल घेणारा जाहिरातीतल्या वेगाच्या मागे लागणाऱ्यापेक्षा लवकर नेमबाज होतो, असे माझे निश्चित मत आहे.

मग पैसा कशासाठी मोजावा? नळीसाठी, चापासाठी आणि नेमाच्या साधनांसाठी. मोडून भरण्याच्या रायफलीची नळी बंद केल्यावर सांध्यात किंचितही डुलता कामा नये. चाप फार जड नसावा, आणि तो कोठे सुटणार याचा बोटाला दर वेळी एकसारखा अंदाज यावा. नळीच्या टोकावरची नेमाची माशी आणि मागची खाच घट्ट बसलेली असावी, व खाच वर-खाली आणि आडवी सरकविण्याची सोय असावी. दुकानदाराने मुभा दिल्यास रायफल टेकवून, दहा मीटरांवरून एकाच खुणेवर पाच छर्रे सोडून पाहावेत. ती पाच भोके एकमेकांत मिसळत असतील, तर खुणेपासून ती दूर पडली तरी चिंता नको, कारण खाच सरकवून ते अंतर भरून काढता येते. विखुरलेल्या भोकांवर मात्र असा उपाय नाही. छऱ्यांच्या बाबतीत प्रत्येक नळीची रुची निराळी असते. कागदावरील सरावासाठी सपाट तोंडाचे छर्रे घ्यावेत, पण त्यांतील दोन-तीन प्रकार वापरून पाहिल्याविना एकदम साठा करू नये.

दुर्बीण बसविली की नेम आपोआप साधतो, ही दुसरी समजूत. स्प्रिंगच्या रायफलीचा पुढचा हिसका सामान्य दुर्बिणीला सोसत नाही आणि तिची भिंगे निखळतात. शिवाय शंभर यार्डांसाठी जुळविलेल्या दुर्बिणीतून दहा मीटरांवरचे लक्ष्य अंधूक दिसते, आणि डोळा जरा सरकला तरी नेमाची खूणही सरकते. दहा मीटरांच्या ऑलिम्पिक प्रकारात दुर्बिणीला मज्जावच आहे. तेथे बारीक छिद्रातून पाहण्याची ‘पीप साईट’ चालते, आणि शालेय स्पर्धांत माशी व खाच असलेल्या साध्या रायफलींसाठी ‘ओपन साईट’ असा स्वतंत्र प्रकार असतो. तात्पर्य, साध्या रायफलीवर शिकणारे मूल स्पर्धेला मुकत नाही.

साठविलेल्या हवेवर चालणारी, जिला ‘पीसीपी’ म्हणतात, ती रायफल हिसका देत नाही हे खरे. पण तिच्या टाकीत पुष्कळदा २०० बारपर्यंत दाबाची हवा भरावी लागते, त्यासाठी खास हातपंप अथवा सिलिंडर लागतो, आणि हा खर्च हिशेबात न धरता केवळ रायफलीची किंमत पाहणारा मागाहून अडचणीत येतो. उलट स्प्रिंगच्या रायफलीला तेल जितके अधिक तितके बरे, ही समजूतही टाकून द्यावी : दाबाच्या नळकांड्यात गेलेले तेल दाबाच्या उष्णतेने पेट घेते आणि आतील वॉशर खराब करते. छर्रा न घालता चाप ओढणे हेही तितकेच घातक.

सर्वांत गंभीर गैरसमज कायद्यासंबंधीचा आहे. भारतात ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० जूलहून अधिक ऊर्जा नसलेल्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही, ५.५ मिलिमीटरची रायफल मात्र या सवलतीत बसत नाही. परवान्याची माफी म्हणजे सर्व कायद्यांतून मुक्तता, असा तिचा अर्थ करणे सर्वथा चूक होय. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत बालवयातील सलीम अली यांनी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी त्यांना पक्षिशास्त्राकडे घेऊन गेली, ही कथा सुपरिचित आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पक्ष्यांची शिकार हा दंडनीय अपराध आहे. अरुणाचल प्रदेशात तर पक्ष्यांच्या रक्षणासाठी लोकांनी आपल्या एअरगन स्वेच्छेने सरकारजमा कराव्यात, अशी मोहीम २०२१ साली सुरू झाली आणि तिला प्रतिसादही मिळाला. एअर रायफल हे खेळणे आहे असे मानणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे की, याच छऱ्याने डोळा कायमचा जातो. लक्ष्यामागे छर्रा अडविणारी भक्कम पेटी, डोळ्यांना चष्मा, आणि सरावानंतर शिसे लागलेले हात साबणाने धुणे, यांत कसूर करू नये.

ही शिस्त शिकण्यासाठी संघटित व्यवस्थाही आहे : राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, आणि लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष होते. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा अनेक नवोदितांची पहिली पायरी ठरली. आज पुण्यात बालेवाडीस, मुंबईत वरळीस आणि इतरही शहरांत नेमबाजीची केंद्रे आहेत. अनेक केंद्रांतून नवशिक्यांना सरावासाठी रायफल मिळते, आणि पुढे गेलेल्या खेळाडूंच्या जुन्या पण उत्तम स्थितीतील रायफलींची माहितीही तेथेच लागते. म्हणून पालकांना माझी विनंती अशी की, खरेदीची घाई न करता पाल्याला प्रथम काही महिने अशा केंद्रात प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकू द्यावे; नंतर मध्यम जोराची, ४.५ मिलिमीटरची, घट्ट नळीची आणि हलक्या चापाची साधी रायफल घ्यावी, आणि दुर्बिणीसाठी बाजूला ठेवलेले पैसे छऱ्यांवर खर्च करावेत.