उणे १९६

कुरुंद्याची हळद वसमतच्या बाजारात जाते. मी मात्र कुरुंद्याला गेलो नाळेची चौकशी करायला. ‘आपली नाळ इथंच पुरलीय’ हे आपल्याकडे नुसतं म्हणायचं बोलणं नव्हे. वार खरोखरच अंगणात पुरत. आता बाळंतपण दवाखान्यात, आणि वार जाते पिवळ्या पिशवीत. एका आजींना विचारलं, “नाळेतल्या पेशींनी झिजलेला गुडघा दुरुस्त होतो म्हणतात, पटतं का?” त्या हसल्या. “तसं असतं तर पुरली कशाला असती रे आम्ही?”

नाळेचं रक्त उपयोगी पडतं, हे १९८८ मध्ये पॅरिसला दिसलं. डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अॅनिमिया हा रक्ताचा आजार झालेल्या पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं, आणि तो बरा झाला.

हे रक्त साठवायचं तर गोठवावं लागतं, आणि मला भुरळ पडली ती त्या गोठवण्याची. पेशी नुसती गार केली तर आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि ती फाटते. म्हणून डीएमएसओ नावाचं द्रावक घालून मिनिटाला साधारण एक अंश, अशा गोगलगायीच्या चालीने तापमान उतरवायचं. शेवटी द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश. तरी वितळवताना काही पेशी दगावतातच. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात ललिता लिमये आणि वैजयंती काळे यांनी गोठवण्याच्या द्रावणात ट्रेहॅलोज आणि कॅटॅलेज घालून पाहिलं. ट्रेहॅलोज ही साखर. यीस्टसारखे जीव सुकण्यातूनही तिच्या जोरावर तगतात. कॅटॅलेज पेशींना घातक हायड्रोजन पेरॉक्साइड फोडतं. रक्तपेशी जास्त तगल्या. इतक्या घरगुती वाटणाऱ्या युक्तीचं मला अजून कौतुक आहे.

गुडघ्याचं काय? नाळेतल्या बुळबुळीत गरातल्या, व्हार्टन जेलीतल्या, पेशी स्वतः कूर्चा होऊन बसतात असं फारसं दिसत नाही. त्या स्राव सोडून सूज शमवतात, शेजारच्या पेशींना कामाला लावतात. तो परिणाम किती टिकतो, यावरच घोडं अडलंय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर बाकी सगळे वापर मंजूर चाचणीतच व्हायला हवेत. बाळाचं रक्त बाळासाठीच खासगी बँकेत ठेवण्याचीही परिषद शिफारस करत नाही: आजार जनुकीय असेल तर दोष त्या रक्तातही असतोच. शिवाय एका नाळेतलं रक्त जेमतेम पेलाभर. मोठ्या माणसाला बहुधा पेशी अपुऱ्या पडतात.

आणि ते रक्त जमवायला घाई केली, तर बाळाचा वाटा कमी होतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, एरवी सगळं ठीक असेल तर नाळेला चिमटा किमान एक मिनिट लावू नका. तेवढ्यात बाळाला जे रक्त मिळतं, त्यातलं लोह पुढचे काही महिने पुरतं. आजींना हे लगेच पटलं.