ताप गेला, पण गुडघे धरलेलेच: चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी कशी बरी होते?

कात्रज हा चढ-उतारांचा भाग. घाटाच्या पायथ्याशी, तलावाच्या भोवती आणि आंबेगाव, जांभूळवाडीकडे वाढत गेलेल्या या वस्तीत दूध आणायला जायचं तरी कुठे ना कुठे चढण लागते. बसची पायरी उंच आणि अनेक जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. अशा ठिकाणी गुडघा दुखू लागला की माणसाचं रोजचं जगणंच आक्रसतं. आधी देवळात जाणं बंद होतं, मग मंडईत आणि शेवटी खाली उतरणंच.

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू, झिका आणि चिकुनगुनिया हे तिन्ही आजार एकाच वेळी पसरले होते. चिकुनगुनियाचा ताप बहुतेकांना आठवड्याच्या आत सोडून गेला. सांधे मात्र अनेकांचे धरलेलेच राहिले. ‘तीन महिने दुखणारच’ असं सांगून शेजारीपाजारी धीर देतात. पण तीन महिन्यांनंतरही दुखत राहिलं तर काय करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही.

हा आजार सांधेच का धरतो?

चिकुनगुनियाचा विषाणू एडिस डासामार्फत पसरतो. हा डास घरातल्या आणि घराभोवतीच्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. टांझानियात १९५२ मध्ये या आजाराची साथ आली, तेव्हा तिथल्या माकोंडे भाषेतून त्याला हे नाव मिळालं. वेदनेने वाकून जाणं, असा त्याचा अर्थ.

महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर तो जवळपास तीन दशकं दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये परतला. २००६ या एका वर्षात देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची अधिकृत नोंद झाली.

विषाणू सांध्याच्या आतल्या अस्तरात शिरतो. त्याला हुसकावण्यासाठी शरीराच्या संरक्षक पेशी तिथे गोळा होतात, रसायनं सोडतात आणि त्यातून सूज येते. रक्तातला विषाणू काही दिवसांत संपतो, पण अस्तरातली ही धुमश्चक्री काहींच्या शरीरात चालूच राहते. विषाणूचे अवशेष तिथे उरतात म्हणून, की संरक्षण यंत्रणा थांबायचं विसरते म्हणून, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

दुखणं किती दिवस टिकतं?

डॉक्टर याचे साधारण तीन टप्पे करतात. पहिले तीन आठवडे तीव्र टप्पा. तिथून तीन महिन्यांपर्यंत मधला टप्पा. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर त्याला दीर्घकालीन सांधेदुखी म्हणतात. बहुतेक लोक हळूहळू बरे होतात. काहींचं दुखणं मात्र महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षं रेंगाळतं. वय चाळिशीच्या पुढे असेल, आधीपासून सांध्यांचा त्रास असेल किंवा सुरुवातीचा आजार जोरदार असेल, तर ही शक्यता वाढते. स्त्रियांमध्येही हे प्रमाण जास्त दिसतं.

सूज की झीज?

गुडघेदुखी हा साथीआधीही घरोघरी असलेला त्रास आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने घरोघरी पाहणी केली. त्यात सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे, स्नायू किंवा हाडांचं दुखणं होतं. म्हणजे चिकुनगुनिया झालेल्या पाच-सहा जणांपैकी एकाचे सांधे किंवा पाठ आधीच दुखत असू शकते. त्यामुळे आताचं दुखणं सुजेचं आहे की झिजेचं, हे आधी ओळखावं लागतं.

सुजेचं दुखणं विश्रांतीनंतर वाढतं. सकाळी उठल्यावर सांधे अर्धा तास, कधी तासभर आखडलेले असतात आणि हालचाल सुरू झाली की सुटतात. गुडघा गरम लागतो आणि फुगलेला दिसतो. गुडघ्यांसोबत घोटे, मनगटं आणि बोटांचे सांधेही दुखतात, बहुधा दोन्ही बाजूंचे.

झिजेचं दुखणं वापराने वाढतं. जिना उतरताना, मांडी घालून उठताना कळ येते आणि बसलं की बरं वाटतं. सकाळचं आखडलेपण थोड्याच मिनिटांत जातं.

अनेकांच्या गुडघ्यात दोन्ही एकत्र असतात. साथीपूर्वी जेमतेम चालणारा झिजलेला गुडघा सूज आल्यावर एकदम असह्य होतो. अशा वेळी एक्स-रेत दिसणाऱ्या झिजेवर सगळं खापर फोडून शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यात घाई होऊ शकते. सूज ओसरू द्यावी आणि मग गुडघ्याचा हिशेब मांडावा.

गोळ्यांनी काय होतं?

तापाच्या दिवसांत, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉल सोडून दुसरं वेदनाशामक घेऊ नये. डेंग्यू असेल तर त्या औषधांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यू नसल्याचं स्पष्ट झाल्यावर डॉक्टर सूज कमी करणाऱ्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी देतात. त्या महिनोन् महिने मनाने घेत राहिल्यास जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

जादूची गोळी मात्र नाही. २००६ च्या साथीनंतर डॉ. चोप्रा यांच्या पुण्यातल्या गटाने रेंगाळलेल्या सांधेदुखीच्या रुग्णांवर एक तुलनात्मक अभ्यास केला. काहींना मलेरियावरचं क्लोरोक्विन दिलं, काहींना मेलॉक्सिकॅम हे नेहमीचं वेदनाशामक. २४ आठवड्यांनी दोन्ही गटांना आराम पडला होता, पण क्लोरोक्विन सरस ठरलं नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात औषध न दिलेला गट नव्हता. म्हणून त्या आरामात औषधाचा वाटा किती आणि काळाचा किती, हे त्यातून ठरवता येत नाही.

तीन महिन्यांनंतरही सूज टिकली तर संधिवाततज्ज्ञांकडे जावं. चिकुनगुनियानंतरचं चित्र हुबेहूब र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिससारखं दिसू शकतं आणि काही वेळा तोच आजार तेव्हा उघड झालेला असतो. रक्ततपासणीत आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर आणि सीआरपी पाहिले जातात. गरज पडली तर मेथोट्रेक्सेटसारखी औषधं नियमित देखरेखीखाली दिली जातात.

‘वातावरची’ म्हणून मिळणाऱ्या, नाव-घटक नसलेल्या पुड्यांपासून सावध राहावं. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं असू शकतं. त्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. बराच काळ घेऊन ते एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. अशी पुडी घेत असाल तर ती दाखवून डॉक्टरांना तसं सांगा.

मग विश्रांती घ्यायची की चालायचं?

गुडघ्यात पाणी साचलं की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूंना पूर्ण जोर लावू देत नाही. ते स्नायू काही आठवड्यांत बारीक होतात. गुडघ्याची वाटी जागेवर ठेवणारे, जिना उतरताना भार पेलणारे स्नायू हेच. म्हणून सूज गेल्यावरही गुडघा ‘दगा देतो’. माणूस घाबरून आणखी बसतो आणि मांडी आणखी बारीक होते. गोळी सूज उतरवते, पण मांडीची ताकद परत आणत नाही. ती हालचालीनेच येते.

सुरुवातीच्या दिवसांत थंड शेक, पुरेसं पाणी आणि पलंगावर बसून गुडघा हळूहळू दुमडणं-सोडणं एवढं पुरे. पुढे गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचा. मग पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलायचा. तेही जमू लागलं की उंच खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठ-बस करायची. दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. शक्य असेल तर पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर करून घ्यावं.

किती करावं याचा अंदाज दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. व्यायामाने थोडं दुखलं आणि सकाळपर्यंत पूर्वीइतकं झालं, तर प्रमाण बरोबर. सकाळी सूज किंवा ठणका वाढलेला असेल तर निम्मं करायचं, पण थांबायचं नाही.

चढावर राहणाऱ्यांनी काय करावं?

घाटाकडे तोंड करून फिरायला निघण्याआधी सोसायटीच्या आवारात किंवा सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चाला. उतार चढापेक्षा उशिरा सुरू करा. उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी ठेवा आणि कठडा धरा. काठी घेत असाल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. भारतीय बैठकीच्या संडासाऐवजी काही महिने कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरा. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा फायदा मोठा असतो. झिजलेल्या गुडघ्यांच्या एका अभ्यासात एक किलो वजन कमी झाल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी झालेला दिसला.

केव्हा थांबू नये?

एकच गुडघा अचानक लालभडक, गरम होऊन ताप भरला तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. पायावर भार टाकताच येत नसेल, गुडघा अडकून बसला असेल किंवा पोटरी सुजून दुखत असेल, तरीही वाट पाहू नये.

बाकी वेळी बरं होणं सरळ रेषेत चालत नाही. चार दिवस बरे जातात, मग एखाद्या सकाळी पुन्हा सांधे धरतात. एवढ्याने आजार परतला असं होत नाही. म्हणून रोजचं दुखणं मोजण्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकच गोष्ट तपासावी: तेव्हा आधार घेऊनही जमत नसलेली कोणती पायरी आज चढता येते?