‘कुष्ठ’, ‘कोड’ आणि ‘महारोग’ : नावांचा घोटाळा व रोगाची ओळख

संस्कृतातील ‘कुष्ठ’ हा शब्द मूळचा एकाच रोगाचा वाचक नव्हे. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत कुष्ठाचे १८ प्रकार, म्हणजे ७ महाकुष्ठे व ११ क्षुद्रकुष्ठे, सांगितले असून त्वचेचे नानाविध विकार त्यांत येतात. याच शब्दापासून प्राकृत ‘कोढ’ सिद्ध झाला. हिंदीतील ‘कोढ़’ आजही कुष्ठरोगाचाच बोध करून देतो. मराठीतील ‘कोड’ मात्र पांढऱ्या डागांच्या विकारासाठी, म्हणजे ‘श्वित्रा’साठी, रूढ झाला. कुष्ठरोगाकरिता मराठीत ‘महारोग’ व ‘रक्तपिती’ ही नावे प्रचारात आली.

या अर्थांतराचे परिणाम केवळ कोशापुरते राहिलेले नाहीत. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, त्यावरील स्पर्शज्ञान शाबूत असते व तो संसर्गजन्य नाही. तरीही शब्दांच्या जवळिकीमुळे कोड असलेल्या व्यक्तीकडे संशयाने पाहिले जाते. उलटपक्षी, ‘महारोग’ म्हणताच झडलेल्या बोटांचे चित्र डोळ्यांसमोर येत असल्याने, अंगावर केवळ एक फिकट चट्टा असलेला मनुष्य ते नाव स्वतःस लावून पाहत नाही. चट्टा दुखत नाही, खाजत नाही. म्हणून तो दुर्लक्षिला जातो.

वस्तुतः न दुखणे हेच येथे महत्त्वाचे लक्षण होय. फिकट वा तांबूस चट्ट्यावर स्पर्श किंवा ऊन-थंड न कळणे आणि मज्जातंतू जाड होणे या कुष्ठरोगाच्या प्रमुख खुणा आहेत. काही रुग्णांत चट्टे बधिर नसतात. त्यांच्या अंगावर गाठी येतात किंवा कानांच्या पाळ्या जाड होतात. बोटे आपोआप झडत नाहीत. बधिर हातापायांना वारंवार होणाऱ्या जखमा व भाजणे यांतून ती झिजतात.

या रोगाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफाम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमीन यांच्या ६ किंवा १२ महिन्यांच्या उपचाराने रोग बरा होतो. परंतु मज्जातंतूंची झालेली हानी नेहमीच भरून येत नाही. म्हणून वेळेवर ओळख पटणे अगत्याचे.

१८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. २०१९ मध्ये घटस्फोटाच्या कारणांतूनही हा रोग वगळण्यात आला. कायद्याने टाकलेले भय बोलीतील शब्दांत मात्र टिकून आहे. तेव्हा ‘महारोग आहे काय?’ या प्रश्नाऐवजी ‘अंगावर कोठे बधिर चट्टा आहे काय?’ असे विचारणे शास्त्रास व माणुसकीस अधिक धरून होईल.