स्टेडियमखालची भूक

जेवण झाल्यावर ताट चाटणं हे आपल्याकडे वाईट वळण समजतात. १९४५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मात्र चांगले शिकलेसवरलेले तरुण रोज ताटं चाटत होते. पुढ्यातला बटाटा कोणी तास तासभर पुरवून खाई. कोणी त्यात पाणी घाली, म्हणजे वाडगा भरलेला दिसावा.

हे ३६ जण युद्धविरोधी होते. बंदूक हाती घ्यायला नकार दिल्यामुळे सरकारने त्यांना नागरी सेवेला लावलं होतं. युरोपात लाखो माणसं उपाशी होती आणि इतके दिवस उपाशी राहिलेल्याला पुन्हा जेवतं कसं करायचं, हे डॉक्टरांनाही धड ठाऊक नव्हतं. अँसेल कीज या शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत होती. तिथेच हे तरुण आपखुशीने राहायला आले. नोव्हेंबर १९४४ पासून १२ आठवडे पोटभर जेवण, मग फेब्रुवारीपासून २४ आठवडे अर्धपोटी, आणि शेवटी १२ आठवडे हळूहळू वाढवलेलं जेवण. त्यांना किती खायला दिलं, वजनं किती उतरली, हे आकडे प्रसिद्ध आहेत. मी ते मुद्दाम देत नाही, कारण खाण्याच्या आजारात अडकलेला माणूस असा आकडा गाठायचं लक्ष्य म्हणून वाचतो.

शरीर जे करायचं तेच करत होतं. नाडी मंदावली, घोटे सुजले, केस गळू लागले, ऐन उन्हाळ्यात अंगावर पांघरूण लागायला लागलं. खुर्चीवर बसलं की हाडं टोचत, म्हणून उशी घ्यावी लागे. मनाचं जे झालं ते जास्त चक्रावणारं होतं. निवडताना या सगळ्यांची मानसिक चाचणी झालेली होती, सगळे खणखणीत होते. तरी काही महिन्यांत वर्ग, राजकारण, मैत्रिणी सगळं मागे पडलं. उरलं एकच, अन्न. ज्यांनी कधी चूल पेटवली नव्हती ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. एकाने तर अशी शंभरेक पुस्तकं जमवली. च्युइंगगम इतकं चघळलं जाऊ लागलं की त्यावर मर्यादा घालावी लागली. माणसं चिडखोर, एकलकोंडी झाली. आपण हडकलोय असं त्यांना वाटत नव्हतं, उलट बाकीची माणसंच जाड दिसत. आणि जेवण वाढल्यावर काहींनी तक्रार केली, की पोट सुटतंय.

आता आपल्याकडचं एखादं ताट बघा. मुलगी पोळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करते आणि पाऊण तास तेच चिवडत बसते. घरच्यांसाठी हौसेने शिरा करते, स्वतः चमचाही लावत नाही. रात्री मोबाइलवर केकचे व्हिडिओ. चतुर्थीला मंगळवार जोडला जातो, मंगळवारला एकादशी, आणि उपवासांचं घरात कौतुक होतं. काकू म्हणतात, "बारीक झालीस गं, छान दिसतेस!" आई वैतागून म्हणते, "पुरे झाली नाटकं, गप जेव." स्टेडियमखालच्या त्या तरुणांना कोणी नाटकी म्हटलं असतं का? यातलं बरंचसं वागणं उपासमारच करून घेते.

अर्थात दोन्ही गोष्टी एक नव्हेत. त्या तरुणांना जेवायला हवं होतं. त्या मुलीला असलेल्या अॅनोरेक्सिया या खाण्याच्या आजारात जेवणाचीच धास्ती असते. त्यामागे आनुवंशिकता असते, स्वभाव असतो, चिंता असते, शरीराबद्दल ऐकलेले टोमणे असतात. 'अॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ मध्ये दिलं. शब्दाचा अर्थ भूक नसणं. माझ्या मते नाव चुकलंच, कारण आजाऱ्याला पुष्कळदा भूक लागते, तो तिच्याशी झुंजत असतो.

हडकुळी देहयष्टी हीच खाण्याच्या आजारांची खूण धरली तर पुष्कळ आजारी नजरेतून सुटतात. बुलिमियात माणूस भराभरा, आवर न घालता येईल इतकं खातो आणि मग धास्तावून ते बाहेर काढतो. वजन पुष्कळदा नेहमीसारखंच असतं. दातांचं झिजलेलं आवरण बघून पहिली शंका कधीकधी दंतवैद्यालाच येते. काहींना नुसते अति खाण्याचे झटके येतात, नंतर शरमेने ते लपवले जातात. मुलगे, पुरुष, चाळिशी ओलांडलेल्या बायका, कुणालाही हे होऊ शकतं.

मदतीची सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून करायला हरकत नाही. नाडी, रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट आधी बघावं लागतं. चक्कर, छातीत धडधड, फार अशक्तपणा असेल तर थेट रुग्णालय. फार दिवसांच्या उपाशी माणसाला घरी एकदम भरपूर खाऊ घालणं धोक्याचं असतं, रक्तातले क्षार ढासळून हृदयावर बेतू शकतं. पुढे मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, आहारतज्ज्ञ असे तिघे मिळून लागतात. बुलिमियात विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती चांगली लागू पडते. कुणाकडे जावं हेच कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस क्रमांक आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण मिळालं पाहिजे, असं २०१७ चा कायदा सांगतो. आपली पॉलिसी उघडून बघा.

घरच्यांबद्दल गल यांचं मत वाईट होतं, शुश्रूषेला नातेवाईक सगळ्यात वाईट असं ते मानत. शंभरेक वर्षांनी लंडनच्याच मॉडस्ली रुग्णालयातल्या डॉक्टरांनी उलटी वाट धरली. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत आईवडिलांनाच हाताशी घेतलं. ताट आईवडिलांनी वाढायचं, ते संपेपर्यंत शेजारी बसायचं, आजारावर रागवायचं पण मुलीवर नाही, आणि जमेल तसा जेवणाचा ताबा पुन्हा तिच्याकडे द्यायचा. आपल्या घरात 'अजून एक घास' म्हणणारी माणसं कमी नसतात. तोच आग्रह शांतपणे, वजनाचा विषय न काढता, महिनोन्महिने करायचा असतो. हे फार कठीण आहे.

महिनोन्महिने हा शब्द कीज यांच्या मंडळींनीही अनुभवला. जेवण वाढलं तरी पहिले काही आठवडे मन उलट जास्त खचलं, आणि पोट गच्च भरल्यावरही भूक शमेना. साठेक वर्षांनी, त्यातल्या हयात असलेल्या १८ जणांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. पूर्ववत व्हायला कुणाला दोन महिने लागले होते, कुणाला दोन वर्षं. प्रयोगाचे शेवटचे १२ आठवडे संपले तेव्हा आपण बरे झालो होतो, असं एकानेही सांगितलं नाही.